भाकड गायी आणि जुन्या कपड्यांची पिशवी



आजचं वाचन: कठोपनिषद, अध्याय पहिला, वल्ली पहिली, मंत्र १ ते ११
सोबत: भगवद्गीता, अध्याय सतरावा, श्लोक २० ते २२

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांपैकी एका ताईने विचारलं, "दादा, आमच्या ऑफिसमध्ये परदेशातल्या गरीब मुलांसाठी जुने कपडे आणि खेळणी गोळा करतायत. मला कपाट आवरायचंच आहे. दिलं तर ते दान होईल ना?"

मी लगेच 'हो' लिहायला घेतलं आणि हात थांबला. कारण त्याच सकाळी नेमाच्या वाचनात कठोपनिषदाची पहिली पानं आली होती, आणि तिथे जवळजवळ हाच प्रश्न एका लहान मुलाच्या मनात उठलेला आहे. म्हणून म्हटलं, घाईने उत्तर देण्यापेक्षा सगळे मिळूनच बसू.

वाचनात काय आहे?

वाजश्रवस नावाचे एक ऋषी यज्ञ करतायत. या यज्ञात आपलं सर्वस्व देऊन टाकायचं असतं. भाष्यकार त्याला विश्वजित यज्ञ म्हणतात. दक्षिणेच्या गायी बाहेर काढल्या जातायत. लोक बघतायत, वातावरण अगदी भारावलेलं. बाजूला त्यांचा लहानगा मुलगा नचिकेत उभा आहे. सगळे वडिलांकडे बघत असताना हा मुलगा गायींकडे बघतो.

आणि त्याला दिसतं की या गायी थकलेल्या आहेत. दूध आटलंय, पुन्हा वासरू होणार नाही. आपल्याकडे गावात याला एक नेमका शब्द आहे, भाकड. भाकड गाय ज्याच्या दारात बांधाल, त्याला दूध मिळणार नाही, पण चारापाणी मात्र रोज घालावं लागेल. म्हणजे देणाऱ्याचं ओझं उतरलं आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर चढलं. वर घेणाऱ्याने हात जोडून आभारही मानायचे!

इथे एक गोष्ट बघा. उपनिषद सांगतं की हे सगळं पाहताना त्या मुलात श्रद्धा जागी झाली. शंका किंवा उद्धटपणा असा शब्द तिथे येत नाही. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की दानात प्रश्न विचारू नयेत, मनोभावे द्यावं आणि विसरून जावं. पण नचिकेताची श्रद्धा त्याला प्रश्नाकडेच घेऊन गेली. दानावर खरा विश्वास असणाऱ्यालाच ते नीट होतंय की नाही, याची काळजी वाटते.

माझी भाकड गाय

आता थोडं माझ्याबद्दल. हे सांगताना आजही लाज वाटते, पण सांगतो.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळमध्ये भूकंप झाला. जवळपास ९,००० माणसं गेली. टीव्हीवर ढिगाऱ्यांतून काढलेली मुलं दिसत होती आणि बघवत नव्हतं. मी तेव्हा कॉलेजला होतो. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आम्ही पोरांनी ठरवलं, नेपाळच्या मुलांसाठी कपडे आणि खेळणी पाठवायची. पार्किंगमध्ये टेबल टाकलं, लिफ्टमध्ये कागद चिकटवला. पाच दिवसांत टेबलाखाली, टेबलावर, जिन्याखाली पिशव्याच पिशव्या.

काही पिशव्या खरंच सुंदर होत्या. एका काकूंनी नातवाचे स्वेटर धुऊन, घडी घालून, वर वय लिहून दिले होते. पण बाकीच्यांत काय नव्हतं? एकाच पायाचा बूट. शाळेचं नाव छापलेला टाय. पोहायचा पोशाख. रिमोट हरवलेली रिमोटची गाडी. अर्धे तुकडे नसलेलं कोडं. एक टेडी तर असा, की आमच्या वॉशिंग मशीनमध्येही कोणी टाकला नसता.

आणि त्यातच माझं जर्किन होतं. त्याची चेन तुटलेली होती, आणि मला ते माहीत होतं. मी ते घडी करताना चेनची बाजू आत दुमडली. डोंगरातल्या थंडीत चेन न लागणाऱ्या जर्किनचा काय उपयोग, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो पण आत दुमडला. शिंप्याने चेन बदलायला फार तर चाळीसेक रुपये घेतले असते. तीच माझी भाकड गाय.

पिशव्या छाटायला वेळ नव्हता. गाठी मारल्या, स्केचपेनने 'नेपाळच्या मुलांसाठी' लिहिलं, फोटो काढले आणि माल ट्रकपर्यंत पोचवायला टेम्पो बोलावला. पिशव्या टेम्पोत चढवायला आमचे वॉचमन मदतीला आले. ते नेपाळचेच. सगळी सोसायटी त्यांना 'बहादूर' म्हणायची. ते त्यांचं नाव नव्हतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

टेम्पो गेल्यावर आजी त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली आली. तिच्या मराठी-हिंदीत तिने विचारलं, "तुमारा गाव किधर हाय रे बाबा? घरचे ठीक हायेत ना?"

ते म्हणाले, सिंधुपालचोक. भूकंपात सगळ्यात जास्त माणसं गेली तो हाच जिल्हा, साडेतीन हजारांच्या आसपास. त्यांचं घर पडलं होतं. बायको-मुलं वाचली होती आणि मक्याच्या शेतात प्लास्टिक बांधून राहत होती. बायकोने फोनवर सांगितलं होतं, तुम्ही येऊ नका, तिथेच राहून पैसे पाठवा. मग ते आजीला म्हणाले, "कपडा तो है माजी, मलबे से निकाल लिया. प्लास्टिक चाहिए. बारिश आने वाली है."

मी तिथेच उभा होतो. पाच दिवस हा माणूस गेटवर होता. आम्ही त्याच्याच जिल्ह्यातल्या मुलांच्या नावाने गाठोडी बांधत होतो, ती गाठोडी त्याच्याच खांद्यावरून टेम्पोत गेली, आणि 'तुमच्याकडे काय लागतंय?' एवढं एक वाक्य आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

पुढे कळलं की माल सीमेच्या अलीकडे एका गोदामात पडून आहे, कागदपत्रांचं काहीतरी अडलंय. तोवर तिकडे पाऊस सुरू झाला होता. टेम्पो आणि ट्रक मिळून सोसायटीने १८,००० रुपये भाडं भरलं होतं. आजीने मला हिशोब करायला लावला. चांगली ताडपत्री तेव्हा ६०० रुपयांना मिळत होती. म्हणजे ३० ताडपत्र्या, ३० घरांची डोकी कोरडी!

गाठोड्यांचा प्रवास

तुम्ही म्हणाल, एका सोसायटीचं चुकलं असेल. पण हे जगभर होतं.

त्याच भूकंपात काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच होती. मदतीच्या विमानांचा एवढा ताण आला की धावपट्टीला तडे गेले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या, जड विमानांना तिथे उतरायला मनाई करावी लागली. अशा वेळी तंबू, औषधं आणि नको असलेले कपडे एकाच रांगेत उभे असतात. एकाने जागा घेतली की दुसरं मागे राहतं.

१९९८ मध्ये मध्य अमेरिकेत मिच नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं. होंडुरासमध्ये विमानतळावर दान आलेल्या कपड्यांचे गठ्ठे एवढे पसरले होते की गरजेचं सामान घेऊन आलेल्या विमानाला उतरता आलं नाही. अमेरिकेत आपत्तीतल्या मदतीविषयी माहिती देणाऱ्या केंद्राच्या संचालक राहिलेल्या जुआनिटा रिलिंग यांनी हा अनुभव सांगितला आहे. आपल्याकडेही २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांकडेला कोणी न घेतलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं, त्यांनीही ते उचलले नाहीत. गरीब झाला म्हणून माणसाचा स्वाभिमान वाहून जात नाही ना!

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच वाचक आहेत. तुमच्याकडे पार्किंगच्या कोपऱ्यात कपडे टाकायच्या पेट्या असतात. त्या कपड्यांतला मोठा भाग विकला जातो आणि गठ्ठे बांधून परदेशी जातो. घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा बाजार आहे. तिथे आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे येतात असा अंदाज आहे. हजारो कुटुंबं त्यावर पोट भरतात, हे खरं. पण जो माल विकण्यासारखा नसतो, तो तिथल्याच गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतो. या कपड्यांना तिथे 'ओब्रोनी वावू' म्हणतात. अर्थ साधारण असा की 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे'. जिवंत माणूस इतके कपडे टाकून देईल, यावर लोकांचा विश्वासच बसेना!

अजून एक. गार्थ फ्रेझर या अर्थतज्ज्ञाने २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेत कपडे शिवण्याचा धंदा जेवढा घसरला, त्यातली सुमारे ४० टक्के घसरण बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांमुळे होती, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे मुलाच्या अंगावर शर्ट आला, पण शर्ट शिवणाऱ्या त्याच्या आईचं काम गेलं, असंही होऊ शकतं.

गीतेचा काटा

आता गीतेतले ते तीन श्लोक बघा. भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. सात्त्विक दान म्हणजे द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागा, योग्य वेळ आणि योग्य माणूस बघून दिलेलं. राजस दान म्हणजे बदल्यात काहीतरी हवंय म्हणून, किंवा मनातून कुरकुरत दिलेलं. तामस दान म्हणजे जागा-वेळ न बघता, घेणाऱ्याचा मान न ठेवता दिलेलं.

मी माझ्या जर्किनला या काट्यावर ठेवून बघितलं. जागा? हिमालयाच्या पायथ्याला, चेन नसलेलं. वेळ? पाऊस तोंडावर आणि आम्ही पाठवतोय लोकर. माणूस? तो समोर उभा होता, आम्ही विचारलं नाही. मान? चेनची बाजू आत दुमडली, यातच काय ते आलं. आणि टेम्पोसमोर काढलेला ग्रुप फोटो, त्यावर आलेले लाइक्स? ते राजसच्या खात्यात टाका. म्हणजे एका जर्किनमध्ये मी दोन्ही प्रकार बसवले होते!

हसू येतं, पण यातून एक गोष्ट नीट कळली. मनात दया होती म्हणून दान आपोआप सात्त्विक होत नाही. दया ही सुरुवात झाली. पुढे डोळे उघडे ठेवून बघायचं काम उरतंच.

मग खेळणी द्यायचीच नाहीत का?

नाही हं, असा अर्थ काढू नका. ज्या मुलाचं घर गेलंय त्याला खेळणं लागतं, अगदी औषधासारखं लागतं. युनिसेफसारखी संस्था आपत्तीच्या ठिकाणी खास लहान मुलांसाठी पेटी पाठवते. त्यात ठोकळे, कोडी, रंगखडू, हाताच्या बाहुल्या असतात, आणि हात धुवायला साबणही असतो. एका पेटीत साधारण ५० मुलं खेळतील असं सामान असतं. शाळेसाठी वेगळी पेटी असते, तिच्या झाकणाला काळा रंग दिला की तोच फळा होतो! नेपाळमध्येही भूकंपानंतर मुलांसाठी सुरक्षित जागा करून तिथे खेळ घेतले गेले.

फरक कुठे आहे ते बघा. कुणीतरी त्या मुलांच्या बाजूने विचार केलाय. वय कोणतं, लहानग्याच्या घशात अडकेल असा तुकडा आहे का, बॅटरी संपली तर काय, शिक्षकाला वापरता येईल का. आपली रिमोट नसलेली गाडी आपल्या कपाटाच्या बाजूने विचार करून निघालेली असते.

यमाने काय केलं?

नचिकेताच्या गोष्टीचा पुढचा भाग मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगा वडिलांना विचारतो, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. वडील चिडून म्हणतात, मृत्यूला. आणि तो खरंच यमाच्या दारी जातो. यम घरी नसतो. मुलगा तीन रात्री उपाशी बसून राहतो.

यम परत येतो तेव्हा काय करतो? दारात आलेल्या त्या पोराला आधी नमस्कार करतो. मग म्हणतो, तीन रात्री तू उपाशी राहिलास, तर तीन वर माग. साक्षात यम, ज्याला सगळं ठाऊक, तोसुद्धा 'तुला काय हवंय ते मला कळतं' असं म्हणत नाही. तो मागायला सांगतो. पुढे तो हत्ती, घोडे, सोनं, रथ असं खूप काही समोर ठेवतो, पण मुलगा ते घेत नाही, त्याला हवं असलेलंच मागतो, आणि शेवटी यम तेच देतो.

मित्रांनो, वडिलांनी सर्वस्व दिलं पण विचारलं नाही. यमाने आधी विचारलं. आज मला दान शिकायचं असेल तर मी यमाच्या दारात बसून शिकेन.

हे आजही होऊ शकतं. जॉर्डनमध्ये झातारी नावाची मोठी छावणी आहे, २०१२ मध्ये सीरियातून आलेल्या निर्वासितांसाठी उभी राहिली. तिथे एका हिवाळ्यात कुटुंबांना मुलांच्या गरम कपड्यांसाठी व्हाउचर दिली गेली. आयांनी छावणीतल्या दुकानात जाऊन स्वतः कपडे निवडले. लेकराच्या अंगाला लावून बघितलं असेल, रंगावरून थोडं भांडणही झालं असेल. आपल्या आयांनी दिवाळीत जे केलं, तेच त्यांनाही करता आलं. याला म्हणतात मान ठेवून देणं.

आजचा संकल्प

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

१. पिशवी पलंगावर ओता आणि एकेक वस्तू हातात घ्या. हे मी माझ्या भाच्याला वाढदिवसाला देईन का? नसेल तर ते दान नाही, कचरा आहे. त्याला कचरा म्हणायलाही हिंमत लागते.

२. गोळा करणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. हे नक्की कुणी मागितलंय? तिथे कोण वाटणार? भाडं आणि कस्टमचे पैसे कोण भरणार? उत्तरं नीट मिळाली तर खुशाल द्या. विचारायला संकोच वाटला तर नचिकेत आठवा.

३. परदेशातल्या मुलांसाठी मनापासून काही करायचं असेल तर बहुतेक वेळा पैसेच द्या, तिथे आधीपासून काम करणाऱ्या भरवशाच्या संस्थेला. तिथल्या बाजारात, तिथल्या शिंप्याकडून, तिथल्या मापाचे कपडे येतात.

४. चांगले कपडे जवळच्या जवळ द्या. धुऊन, बटण लावून, चेन बदलून, वय लिहून. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली गूंज ही संस्था असे कपडे नीट छाटते. गावकरी आपल्या गावातलं काम करतात, विहीर साफ करतात, रस्ता करतात, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

५. आणि घरात आई-बाबांशी भांडू नका! 'आई, तू चिंध्या देतेस' असं ओरडू नका. नचिकेताने पहिला वर काय मागितला माहितीये? वडिलांचा राग शांत होऊ दे, ते मला प्रेमाने जवळ घेऊ देत. चूक दाखवणाऱ्या मुलाला पहिली काळजी वडिलांची होती. आईबरोबर बसून कपाट आवरा, तिला समजेल.

शेवटचं एक

त्या जून महिन्यात आमचे वॉचमनदादा शेवटी गावी जायला निघाले. या वेळी आजीने आधी त्यांना खुर्चीवर बसवलं, माझ्या हातात वही दिली आणि म्हणाली, "ते सांगतील तेच लिही. आपलं डोकं चालवू नकोस."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ताडपत्री. नायलॉनची दोरी. सोलरचा टॉर्च. मुलांच्या चपला, दोन मापांच्या, दोरा मोजून दिला. मग थांबले, जरा संकोचले आणि म्हणाले, शाळा पडलीय, पोरं दिवसभर नुसती बसून असतात, एक फुटबॉल मिळाला तर बरं. मी 'फुटबॉल' लिहिलं. ते म्हणाले, "साथ में पंप भी लिखो भैया. वहाँ हवा भरने को कुछ नहीं है."

पंप! आम्ही शंभर पिशव्या भरल्या असत्या, तरी पंप आमच्या डोक्यात आला नसता. तो ज्याला हवा त्यालाच माहीत असतो.

वहीच्या वर नाव लिहायचं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "दादा, तुमचं नाव काय?"

आज दिवसभर हे मनात घोळवा: मी शेवटचं कुणाला काही दिलं, तेव्हा त्याला आधी काही विचारलं होतं का?

प्रार्थना: हे पांडुरंगा, देताना आमचे डोळे उघडे ठेव. आमच्या हातून कुणाच्या दारात भाकड गाय बांधली जाऊ नये. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी नाव विचारायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!